मदत हवी आहे: रिव्ह्यूमधलं 'एअरी' म्हणजे नक्की काय? आजच उत्तर द्यायचंय

आंजर्लेकर: आमचा होमस्टे आहे. एका पाहुण्यांनी इंग्रजीत भलामोठा रिव्ह्यू टाकलाय, त्यात एअरी शब्द चारदा आलाय, मोबाईलवर ट्रान्सलेट केलं की सगळीकडे 'हवेशीर' येतं आणि अर्थच लागत नाही. बाबा सकाळपासून विचारतायत चांगलं लिहिलंय की वाईट. लवकर सांगा कोणीतरी.

खाडीपलीकडे: वाक्यं कुठायत? नुसत्या शब्दावरून काय सांगणार?

चिरेबंदी: हवेशीरच की. आमचं जांभ्याचं घर, वर मंगलोरी कौलं, गरम हवा आढ्याशी चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते, खिडक्या समोरासमोर. स्लॅब टाकला की संपलं. तुमचा स्लॅब आहे का?

आंजर्लेकर: आहे हो, पण प्रश्न तो नाही. खोल्या एअरी, घावणं एअरी, मागच्या कड्यावरची वाट एअरी, आणि पाणी गेल्याचं सांगितलं तर मालकांनी एअरी उत्तर दिलं.

तवा_तापलाय: घावणं हलकी, जाळीदार झाली होती, कौतुक आहे ते! पीठ ताकासारखं पातळ आणि तवा कडक हवा, तरच जाळी पडते. आंबवायचं नाही, आंबवलं की आंबोळी.

मालवणचो: आंबोळयेक पण जाळी पडता, पीठ बरा फुगला काय.

घाटवाट: वाटेचं जपून घ्या. गिर्यारोहक एअरी म्हणतात ते बाजूला उघडी दरी आणि धरायला काही नाही अशा जागेला. रेलिंग आहे का?

चिरेबंदी: कशाला घाबरवता, वारा लागतो म्हणून लिहिलं असेल.

घाटवाट: वाऱ्याला ब्रीझी म्हणाले असते. ते ट्रेकवाले होते का, ते आधी कळू दे.

ताराबघ्या: एअरी हे आडनावही आहे. जॉर्ज बिडेल एअरी १८३५ ते १८८१ ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख होते, त्यांच्याच दुर्बिणीची रेषा १८८४ मध्ये शून्य रेखावृत्त ठरली. भारताच्या सर्वेक्षणात हिमालयाजवळ ओळंबा डोंगरांकडे हिशेबापेक्षा कमी का ओढला जातो, याचं उत्तर त्यांनी १८५५ मध्ये दिलं, डोंगरांखाली हलक्या खडकाची खोल मुळं असतात म्हणून. वाचाच कधीतरी.

खाडीपलीकडे: त्यांना आज रिप्लाय द्यायचाय हो! आंजर्लेकर, पहिली दोन वाक्यं कौतुकाची, चौथी तक्रार. एअरी उत्तर म्हणजे त्यात काय एवढं, अशा थाटात वरवर बोलणं. उद्धट म्हटलेलं नाही, पण आपलं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही असं त्यांना वाटलंय.

आंजर्लेकर: बाबा "येईल हो पाणी" एवढंच म्हणाले आणि लगेच विहिरीवर गेले, पाहुण्यांना ते दिसलं नाही. आता बाबांना हे वाचून दाखवायचं म्हणजे जीवावर येतंय.

तवा_तापलाय: दाखवा तरी. पाणी कशाने गेलेलं?

आंजर्लेकर: पंपाचा कपॅसिटर. संध्याकाळच्या आत बदलला.

खाडीपलीकडे: मग रिप्लायमध्ये आधी हेच लिहा, घावणांचे आभार नंतर.

घाटवाट: आणि रेलिंगचं सांगा!