बास्केटबॉलच्या पंचाने नेमके कुठे पाहावे?

मैदानरेषा, वाशी

नमस्कार. मी वाशीतील एका शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. महाविद्यालयात असताना बास्केटबॉल खेळत होते आणि गेल्या वर्षापासून शालेय व क्लब स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहते. नियमपुस्तक मी बारकाईने वाचलेले आहे, तरीही गेल्या महिन्यात एका आंतरशालेय सामन्यात जे घडले त्याने माझा आत्मविश्वास डळमळला आहे.

सतरा वर्षांखालील मुलींचा सामना होता. चाळीस सेकंद उरले होते आणि एका गुणाचा फरक होता. पिछाडीवरच्या संघाची गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन चढाई मांडणारी खेळाडू, ड्रिबल करीत सरळ रिंगकडे आली, उडी मारली, समोरच्या बचावपटूवर आदळली आणि दोघीही खाली पडल्या. मी रिंगखालच्या शेवटच्या रेषेवर, म्हणजे दोन पंचांपैकी पुढे असणाऱ्या लीडच्या जागेवर होते. मी शिट्टी वाजवली आणि बचावपटूवर ब्लॉकिंगचा, म्हणजे चुकीच्या रीतीने वाट अडवल्याचा, फाऊल दिला. तो तिचा पाचवा फाऊल होता, त्यामुळे तिला बाहेर जावे लागले; समोरच्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो घातले आणि सामना फिरला. संध्याकाळी एका पालकांनी मोबाईलवर घेतलेली चित्रफीत माझ्यापर्यंत पोहोचली. तीत स्पष्ट दिसते की बचावपटू दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, समोर तोंड करून, गार्डने उडी मारण्यापूर्वीच उभी होती आणि धक्का तिच्या छातीवर बसला. म्हणजे फाऊल चढाई करणाऱ्या मुलीचा होता. फ्री थ्रो मिळायलाच नको होते आणि चेंडू बचाव करणाऱ्या संघाकडे जायला हवा होता.

गॅलरीतल्या लोकांना दिसले ते सर्वांत जवळ उभ्या असलेल्या मला दिसले नाही, याचे मला फार वाईट वाटते. लेखी परीक्षेत हाच प्रसंग आला असता तर मी उत्तर अचूक लिहिले असते. मग माझ्यात कमी काय पडले? आज शाळेतल्या मुलीसुद्धा लांबून बास्केट करतात, धावता धावता दिशा बदलतात, एका पावलात मागे सरकून शॉट घेतात. हा खेळ पंचाकडून नियमांच्या ज्ञानापलीकडे काय मागतो?

जुनी शिट्टी, ठाणे

ताई, मी ठाणे जिल्ह्यात बरीच वर्षे पंच म्हणून काम केले. आता गुडघ्यांमुळे थांबलो आहे, पण नव्या पंचांच्या शिबिरांना अजून जातो. आपण प्रामाणिकपणे लिहिलेत म्हणून मीही स्पष्ट लिहितो.

आपण सर्वांत जवळ होता हे खरे, पण जवळ असणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचाला पाहायची असते ती दोन खेळाडूंच्या मधली मोकळी जागा. ती बंद कशी झाली, कोणी बंद केली आणि कोणाच्या हालचालीमुळे झाली, यावर फाऊल ठरतो. बचावपटू मैदानाकडे तोंड करून उभी असते, म्हणजे तिची पाठ लीडकडे असते. आपण बरोबर तिच्या मागे असाल तर आपल्याला फक्त पाठ दिसली असेल आणि दोन्ही शरीरे एकावर एक आली असतील. अशा वेळी रेषेवरच दोन पावले बाजूला सरकले की तीच घटना पुस्तकासारखी उघडी दिसते. म्हणून माझी एक विनंती आहे: ती चित्रफीत पुन्हा एकदाच पाहा, पण या वेळी त्या दोघी मुलींना न पाहता स्वतःला शोधा. आपले पाय कुठे होते आणि मान कोणत्या दिशेला होती, ते पाहा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. त्या क्षणी आपण बहुधा चेंडू पाहत होता. १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डमध्ये या खेळाचे पहिले तेरा नियम लिहिले, तेव्हा त्यांनी दोन अधिकारी नेमले होते: एकाने माणसांवर लक्ष ठेवून फाऊल टिपायचे आणि दुसऱ्याने चेंडूचा निवाडा करायचा. पुढे ही विभागणी गेली आणि प्रत्येक पंचाकडे दोन्ही कामे आली. पण डोळा मात्र आपोआप चेंडूकडेच जातो, कारण पंच होण्याआधी आपण सगळे प्रेक्षक किंवा खेळाडू असतो. माझ्या मते आधुनिक बास्केटबॉल पंचाकडून सर्वांत जास्त काही मागत असेल, तर ते चेंडूवरून नजर काढून घेण्याचे धैर्य. गार्ड रिंगकडे निघाली की लीडने बचावपटूवर नजर ठेवायची. तिने समोर तोंड करून दोन्ही पाय टेकले का, समोरची हवेत जाण्याआधी जागा घेतली का, नंतर ती मागे किंवा बाजूला सरकली की पुढे घुसली, हात सरळ वर ठेवले की खाली आणले, हे सगळे धक्का बसण्याआधीच पाहून झालेले असले पाहिजे. ते पाहिलेले असेल तर धडक होते तेव्हा निर्णय जवळजवळ तयारच असतो. पाहिलेले नसेल तर पडलेल्या मुलींकडे बघून अंदाज करावा लागतो, आणि अंदाज बहुतेक वेळा चढाई करणाऱ्याच्या बाजूने जातो.

हे पूर्वीही खरे होते, मग आज अधिक कठीण का झाले? फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, १९८४ साली तीन गुणांची रेषा रिंगपासून ६.२५ मीटरवर आणली आणि २०१० साली ती ६.७५ मीटरवर नेली. रेषा जशी दूर गेली आणि नेमबाजी सुधारली, तसे सगळे खेळाडू रिंगभोवतालची गर्दी सोडून पंधरा मीटर रुंदीच्या मैदानभर पसरले. पूर्वी दहापैकी सात-आठ जण एका नजरेत मावत. आता एका कोपऱ्यात स्क्रीन लावली जाते, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अंगाने अडवली जाते, दुसऱ्या कोपऱ्यात कोणी जर्सी धरते, आणि चेंडू या दोन्हींपासून लांब असतो. अमेरिकेतील व्यावसायिक लीग एनबीएने १९८८-८९ पासून कायमचा तिसरा पंच आणला. आपल्याकडे शालेय सामन्यांत अजून दोनच पंच असतात, म्हणजे तिसऱ्याचा भागही त्या दोघांनीच वाटून घ्यायचा असतो.

लांबून शॉट घेणाऱ्याच्या पायाखालची जागा हाही असाच नवा प्रदेश आहे. मे २०१७ मध्ये एनबीएच्या एका सामन्यात शॉट घेऊन खाली येताना क्वाय लेनर्ड या खेळाडूचा पाय बचावपटूच्या पायावर पडला आणि घोटा दुखावला. त्यानंतरच्या हंगामापासून तिथे अशा फाऊलची तीव्रता रीप्लेवर तपासण्याची मुभा पंचांना मिळाली. चेंडू हातातून सुटला की सगळे प्रेक्षक वर पाहतात. त्या वेळी पंचाने खाली पाहायचे असते, शॉट घेणाऱ्याचे दोन्ही पाय सुखरूप जमिनीवर येईपर्यंत. शाळेतल्या मुलींच्या घोट्यांची काळजी घेणारा त्या क्षणी मैदानावर दुसरा कोणीही नसतो, म्हणून मी हे शिबिरात प्रत्येक वेळी सांगतो.

आणि नियमांच्या ज्ञानाबद्दलही थोडे. २०१७ साली फिबाने ट्रॅव्हलिंगचा, म्हणजे चेंडू हातात धरून जास्त पावले टाकण्याचा, नियम बदलला. धावताना चेंडू हातात स्थिरावतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो तो मोजायचा नाही; त्यानंतरच्या पावलापासून मोजणी सुरू होते. मी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडूंना जुन्या मोजणीने थांबवले होते. नवा नियम मला एका संध्याकाळी समजला, पण शिट्टीवरच्या ओठांना तो कळायला अख्खा हंगाम लागला. येथेही नजरेचाच प्रश्न आहे: नुसते पाय मोजून चालत नाही, चेंडूवर ताबा कधी आला तो क्षण पकडावा लागतो.

नेरूळचा गार्ड

मी क्लब पातळीवर खेळतो, त्यामुळे खेळाडूच्या बाजूने लिहितो. वरील सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून माझे मत थोडे वेगळे आहे: आम्हाला अचूकतेपेक्षा सातत्य जास्त हवे असते. एखादा निर्णय चुकला तर आम्ही चिडतो, पण विसरतो. पहिल्या क्वार्टरमध्ये ड्रिबलरच्या कमरेवर ठेवलेला हात चालवून घेतला आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच हातावर फाऊल दिला, तर ते मात्र विसरता येत नाही, कारण आम्ही तीन क्वार्टर त्या मापावर खेळ उभा केलेला असतो. माप कडक असो की सैल, खेळाडू त्याच्याशी जुळवून घेतो. एनबीएने २०२१-२२ च्या हंगामात ठरवले की शॉट घेणाऱ्याने मुद्दाम बाजूला झेप घेऊन किंवा पाय पसरून अंगाशी अंग भिडवले तर त्याला फाऊल मिळणार नाही. ज्यांचे बरेच गुण फ्री थ्रोवर अवलंबून होते त्यांना आपली सवय बदलावी लागली.

ताईंना एकच सुचवतो. शिट्टीनंतर खेळाडूने सभ्यपणे विचारले तर एका वाक्यात कारण सांगा. "तू हवेत गेल्यावर ती सरकली" एवढे ऐकले तरी आम्हाला कळते की पंचांनी काहीतरी पाहिले आहे, आणि पुढच्या वेळी काय टाळायचे तेही कळते.

गुणलेखक, ऐरोली

गुण आणि वेळ नोंदवणारे जिथे बसतात त्या टेबलाचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघ अमेरिकेविरुद्ध ५१-५० असा जिंकला. त्या गोंधळाचे मूळ टाइमआऊट, घड्याळ आणि टेबल यांच्यात होते. आज घड्याळाचे काम त्याहून नाजूक झाले आहे. शॉट रिंगला लागून चेंडू पुन्हा चढाई करणाऱ्याच संघाकडे आला तर शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घेण्याची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर, चोवीस नव्हे, चौदा सेकंद द्यायचे, चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबवायचे, आणि ०.३ सेकंदांहून कमी वेळ उरला असेल तर चेंडू झेलून शॉट घेणे ग्राह्य धरायचे नाही. आपल्याकडे अनेक स्पर्धांत शॉट क्लॉकच नसते आणि टेबलावर शाळेतलीच दोन मुले बसलेली असतात. सामन्याआधी पंचांनी त्यांच्याजवळ पाच मिनिटे बसावे, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.

मैदानरेषा, वाशी

सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे चित्रफीत पाहिली. गार्ड मध्यरेषा ओलांडून आली तेव्हापासून धडक होईपर्यंत मी एकाच जागी उभी आहे, बचावपटूच्या बरोबर पाठीमागे, आणि माझी मान चेंडूबरोबर वळते आहे. इतक्या वेळा पाहूनही मी स्वतःला पाहिलेच नव्हते.

रविवारी आमच्या मुलींच्या सरावात शिट्टी न घेता रेषेवर उभी राहिले आणि फक्त बचावपटू पाहायचे ठरवले. पहिल्या काही चढायांनंतर नजर आपोआप चेंडूकडे गेली, तशी ती परत आणत राहिले. तासाभराने कमकुवत बाजूला, म्हणजे चेंडू नसलेल्या बाजूला, एक मुलगी स्क्रीन लावताना दर वेळी गुडघा बाहेर काढते हे लक्षात आले. ती दोन वर्षे माझ्याकडे शिकते आहे आणि हे मी आजवर पाहिले नव्हते. एक शंका उरते. दोनच पंच असताना चेंडू माझ्या बाजूच्या कोपऱ्यात आला, तर ती दुसरी बाजू कोणी पाहायची?

जुनी शिट्टी, ठाणे

ट्रेलने, म्हणजे चढाईच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या पंचाने. पण तो तीन गुणांच्या रेषेच्या मागे थांबून राहिला तर त्याला ती दिसणार नाही. त्याने रिंगच्या दिशेने आत यावे लागते, आणि तो आत आला आहे हे आपल्याला न पाहता ठाऊक असावे लागते. यासाठी सामन्याआधी जोडीदाराबरोबर पंच मैदानाच्या त्या अर्ध्या भागाचे मनात जे सहा चौकोन पाडतात ते सगळे एकदा चालून घ्या आणि प्रत्येक चौकोनात उभे राहून "चेंडू इथे असेल तर तू कोणाकडे पाहशील?" हे विचारा. पुढच्या शनिवारी ठाण्यात शालेय सामने आहेत आणि मी तिथे असेन. ट्रान्स-हार्बर लोकलने आलात तर सामन्याआधी मैदान मोकळे मिळेल. जोडीदारांनाही घेऊन या.