ऊती ‘नष्ट करणारी’ विकरे की ‘उसवणारी’?

प्रश्न : दातांच्या आजारांवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. पल्पायटिसच्या, म्हणजे दाताच्या आतला मऊ भाग दुखावण्याच्या प्रकरणात ‘दंतमज्जाशोथातील ऊतिनाशक विकरे’ (ऊती म्हणजे टिश्यू, विकरे म्हणजे एन्झाइम) असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, “मज्जा हाडात असते ना? आणि दातात विष तयार होतं का?” काय करू?

उत्तर : दंतवैद्य म्हणून सांगतो, आईंच्या दोन्ही शंका रास्त आहेत. हाडातली मज्जा, मज्जातंतू आणि वर दातातली मज्जा, असा गोंधळ आहेच. पेशंट ‘दाताची नस’ म्हणतात, पण रूट कॅनल करताना बारीक काटेरी सुईला गुंडाळून जो गुलाबी लगदा बाहेर येतो, त्यात नसांबरोबर रक्तवाहिन्या, पेशी आणि कोलॅजन या प्रथिनाचे धागेही असतात. मी ‘दंतगर’ म्हणतो. फळाचा गर सगळ्यांना कळतो.

‘शोथ’ही नको. त्याचा मूळ धातू ‘श्वि’, म्हणजे फुगणे. दंतगर डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, कडक भिंतींत कोंडलेला असतो, त्याला फुगायला जागाच नाही. आतला दाब वाढतो आणि रात्री ठणका लागतो. गालावर सूज नसते, म्हणून लोक दुखणं अंगावर काढतात. ‘दाह’ लिहा.

आणखी एक उत्तर : मी भाषेच्या बाजूने बोलते. ‘ऊती’ हा शब्द विणण्यावरून आला आहे, ‘ओतप्रोत’मधलं ‘ओत’ त्याच घरचं. वीण असेल तर तिला ‘नाश’ कशाला? आपण वीण उसवतो. ‘ऊती उसवणारी विकरे’ कसं वाटतं?

दंतवैद्य : फार नेमका शब्द दिलात! ही विकरे म्हणजे मुख्यतः मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, एमएमपी. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. त्यांतलं पहिलं १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत सापडलं. बेडूक होताना ती शेपटी विरघळून जाते, ते यांच्याच मदतीने. म्हणजे हे रोगाचं विष नव्हे, शरीराचं रोजचं काम आहे. शिंपी कपडा बेतात बसवायला शिवण उसवतो, तसंच.

कोलॅजन ही तीन पदरांची पिळदार दोरी. एमएमपी-८ सारखं विकर तिला ठरावीक एकाच जागी कापतं, पाऊण आणि पाव असे दोन तुकडे पडतात. पीळ सुटला की एमएमपी-९ सारखी दुसरी विकरे ते तुकडे आणखी बारीक करतात. निरोगी गरात त्यांना आवरणारी प्रथिने असतात. कीड खोल गेली की जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी या विकरांचा साठा ओततात, आवर घालणारी प्रथिने कमी पडतात आणि आपलाच गर उसवत जातो. म्हणून गरात एमएमपी-९ किती आहे यावरून तो वाचेल की नाही हे ठरवता येईल का, यावर संशोधन चालू आहे. आज आम्ही मुख्यतः रक्तस्राव पाहतो : ओला कापूस ५ ते १० मिनिटं दाबून रक्त थांबलं, तर गर वाचवायचा प्रयत्न करतो.

‘विकर’ मात्र ठेवा, शाळेच्या पुस्तकातून मुलांना तो माहीत आहे.

प्रश्नकर्ती : मग शीर्षक असं करते : ‘दंतगराचा दाह आणि ऊती उसवणारी विकरे’. पहिल्या उल्लेखाला ‘दंतगर, म्हणजे ज्याला आपण दाताची नस म्हणतो तो भाग’ अशी ओळ जोडते. आईला आज पुन्हा वाचून दाखवते.