मदत हवी आहे : 'अळीला विषाची सवय लागली' हे वाक्य दहावीच्या लेकरांसमोर कसं खोडू?

पूर्णाकाठ :
मंडळी, नमस्कार. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी रात्री दहावीच्या लेकरांना विज्ञान शिकवतो. दिवसा शेती. विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती', आणि तिथंच अडकलोय.

पुस्तकातला लामार्क या शास्त्रज्ञाचा जिराफ (मान ताणून लांब झाली आणि ती पिलांत उतरली, असं तो म्हणायचा) यांच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, म्हणून मी गुलाबी बोंडअळी घेतली. ती सगळ्यांच्या घरी माहीत आहे. अळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस 2002 ला आला, 2006 ला दोन जनुकांचं बियाणं आलं, आणि 2017 ला बोंड फोडलं की आत अळी बसलेली. त्या वर्षी आमच्या घरी वेचणीची मजुरीसुद्धा कापसातून निघाली नव्हती. मी वर्गात सांगितलं, "हळूहळू अळीला विषाची सवय लागली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात."

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, मग लामार्क चुकला कसा? अळीनं विष खाल्लं, तिला सवय लागली, ती तिच्या लेकरांत उतरली. जिराफानं मान ताणली, तसंच झालं की."

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की इतकी वर्षं मीही तसंच समजत होतो. लामार्क चूक आणि डार्विन बरोबर हे पाठ होतं, पण फरक कुठं आहे ते उमगलेलं नव्हतं. सोमवारी तिला उत्तर देईन असा शब्द दिलाय. नुसतं 'पुस्तकात असं आहे' म्हणून तिला बसवायचं नाही. कृपया मदत करा.

कीटकवही :
दादा, मी परभणीला कृषीचं शिक्षण घेतलंय आणि कीटकशास्त्र माझा आवडता विषय होता. त्या मुलीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. 'सवय' हा शब्दच काढून टाका, सगळा घोळ त्यात आहे.

बीटीचं विष काम कसं करतं ते आधी सांगा. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं असतं, त्यामुळे झाड एक प्रथिन तयार करतं. अळीनं पान किंवा बोंड कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्याच्या आतल्या बाजूला ठरावीक ठिकाणी जाऊन चिकटतं, आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. हे कुलूप-किल्लीसारखं आहे. आता लाखो अळ्यांत एखादीच्या आतड्यातलं कुलूप जन्मतःच जरा वेगळं असतं, जनुकात झालेल्या बदलामुळे. तिथं किल्ली बसत नाही. ती अळी विष 'पचवायला शिकत' नाही, विष तिला लागतच नाही. बाकीच्या मेल्या, ही उरली, हिचं पतंगात रूपांतर झालं, हिनं अंडी घातली. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी, म्हणजे एका हंगामात कितीतरी.

कुठलीही एक अळी आयुष्यात बदलली नाही. बदललं ते शिवारातल्या अळ्यांमधलं प्रमाण. लामार्क म्हणतो प्राणी बदलतो आणि तो बदल पिलांना देतो. डार्विन म्हणतो, प्राण्यांमध्ये फरक आधीच असतात, परिस्थिती त्यातले काही मागे ठेवते. त्या मुलीला एवढंच विचारा : आपल्याकडे किती पिढ्या लेकरांचे कान टोचतात? एखादं लेकरू भोकं घेऊन जन्मलंय का?

पूर्णाकाठ :
कानाचं उदाहरण फार मोलाचं आहे, मनापासून आभार. पण ती पोरगी थांबणार नाही. 'ती वेगळी अळी आधीपासूनच होती, विषानं झाली नाही, हे कशावरून?' असं विचारलं तर?

कीटकवही :
हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. 1952 साली अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवरा-बायकोनं जिवाणूंवर फार देखणा प्रयोग केला. एका ताटलीत जिवाणूंचे ठिपके वाढवले. त्यावर मखमलीचा तुकडा दाबला, आणि तोच तुकडा औषध घातलेल्या दुसऱ्या ताटलीवर शिक्क्यासारखा उमटवला. औषधाच्या ताटलीत जिथले ठिपके जगले, तिथलेच मूळ ताटलीतले जिवाणू त्यांनी पुढे वाढवत नेले. शेवटी औषधाला दाद न देणारे जिवाणू त्यांच्या हाती आले, आणि या जिवाणूंच्या कुळीला औषधाचा स्पर्शसुद्धा झालेला नव्हता. म्हणजे वेगळेपण आधीचं, औषधानं फक्त ते दाखवून दिलं.

आणखी एक सांगतो, कारण हे आपल्याच शिवारातलं आहे. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची बिगर-बीटीची छोटी पुडी यायची, आठवते? ती कडेनं लावायची होती. तिथं साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग त्या एखाद्या वाचलेल्या पतंगाशी जुळावेत, हा हेतू. न मरण्याचा गुण पिलात दिसायला तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. मग वाचलेल्याला वाचलेलाच जोडीदार मिळत गेला. त्यात कापूस फरदडीला ठेवला, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता तसाच उभा ठेवला, की अळीला खाणं मिळतच राहतं.

हिरव्या बोंडअळीचं बघा. हरभऱ्यावर आपण तिलाच घाटेअळी म्हणतो. ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, आणि तिथं बीटी नसतं. तिला आपोआप साध्या जोडीदारांचा पुरवठा राहिला. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ कापसावरच जगते. तिला बाहेर आसराच नव्हता. एकाच शिवारात एकच विष, पण दोन अळ्यांची गत वेगळी झाली, यात हे मोठं कारण आहे. मला वाटतं मराठवाड्यातल्या पोरांना नैसर्गिक निवड शिकवायला याहून चांगला धडा नाही.

निवृत्त गुरुजी :
बाळा, तुझी तळमळ पाहून लिहितोय. मुलांच्या हाताला काम दे. 90 दाणे ज्वारीचे, 10 उडदाचे घे. काळ्या रानात एक वावभर चौकोन आखून त्यात पसर. मुलं पाखरं. एका मिनिटात, बसून, एका वेळी एकच दाणा, एकूण 50 उचलायचे. जे उरतील त्यातल्या प्रत्येक दाण्याला त्याच रंगाचा एक दाणा जोडायचा, ती त्याची पिल्लं. पुन्हा पसरायचे. आकडे फळ्यावर लिहीत जा. माती ओली नको, ढेकळं फोडून घे.

शेवगाबांध :
एक शंका माझीही आहे, दादा. शेवटी अळीची अळीच राहिली ना? नवी जात कुठं झाली?

कीटकवही :
ताई, बरोबर, इथं नवी जात झालेली नाही. हे एक पाऊल आहे. एकाच जातीचे दोन गट डोंगर, समुद्र अशा कशानं तरी तुटले, हजारो-लाखो वर्षं वेगळे राहिले आणि त्यांच्यात अशी वेगवेगळी पावलं साठत गेली, की पुढे ते एकमेकांशी जुळेनासे होतात. देवणी आणि लाल कंधारी ही आपलीच दोन गुरं बघा. माणसानं वळू निवडून निवडून इतका फरक पाडला, तरी त्यांचा संकर होतो, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ती एकाच जातीची. डार्विननंही 1859 च्या ग्रंथाची सुरुवात अशाच पाळीव जनावरांपासून आणि कबुतरांपासून केली होती.

पूर्णाकाठ :
सोमवारी शाळेमागच्या रानात केलं. पहिल्या फेरीत पोरांनी ज्वारीचे 48 आणि उडदाचे 2 उचलले. उरले 42 आणि 8, दुप्पट होऊन 84 आणि 16. दुसऱ्या फेरीनंतर 76 आणि 24. तिसरीनंतर 62 आणि 38. अंधार पडला म्हणून थांबलो, नाहीतर पोरं उठत नव्हती.

मी काही बोलायच्या आत तीच मुलगी म्हणाली, "सर, एकपण ज्वारी काळी पडली नाही." मग थोडा वेळ फळ्याकडं बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे अळीला सवय लागली नव्हती. सवय लागायला ती जगायला पाहिजे होती."

मखमलीचा प्रयोग गुरुवारी सांगणार आहे. घरी वडिलांना पुडीचं विचारलं. म्हणाले, दोन-तीन वर्षं ती बांधावर फेकून दिली होती, कुणी कशाला आहे ते सांगितलंच नव्हतं. मग बराच वेळ त्यांनी मला पतंग कसे जुळतात, गुण आई-बाप दोघांकडून कसा लागतो, ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

गुरुजी, चौथ्या फेरीला उडीद कमी पडतोय, पावशेर जास्तीचा घेऊन ठेवलाय.