मोटरहोममधील भाजणीची शेगडी: आपण कोणती घेतली आणि ती कुठे उपयोगी पडली?

दादरहून (विषय मांडताना): राज्याचे कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आल्यापासून आमच्या घरात जी चर्चा चालू होती, ती अखेर मार्गी लागली असून डिसेंबरात भाड्याच्या मोटरहोमने कोकण किनारा आणि पुढे कधीतरी हिमाचलातले थंड, उंचावरचे स्पिती खोरे करण्याचा बेत आहे. गाडीत एकच बर्नर आहे. मासे बाहेर भाजता यावेत, सासूबाईंचे शाकाहारी पदार्थ वेगळ्या पृष्ठभागावर व्हावेत आणि सगळे सामान बाकाखालच्या कप्प्यात मावावे, एवढी अपेक्षा आहे. कोळसा, गॅस की वीज? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुलुंडहून: किनाऱ्यावर मी कोळशाचीच घडीची शेगडी वापरतो आणि चवीच्या बाबतीत तिला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र तिला सवड लागते. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत अर्धा तास सहज जातो आणि तोवर मुले चिवड्याचा डबा संपवतात. बांगडा जाळीला चिकटतो ही तक्रार बहुतेक वेळा थंड जाळीमुळे येते. जाळी चांगली तापू द्यावी, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तिच्यावर फिरवावा, मासा पुसून कोरडा करून ठेवावा आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत चिमटा लावू नये.

आता महत्त्वाचे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि विझत आलेले निखारेही तो सोडतच राहतात. म्हणून पाऊस आला, वारा सुटला किंवा कुणी कितीही कुडकुडले तरी ही शेगडी गाडीत किंवा तंबूत आणायची नाही. निखारे वाळूत पुरण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण वाळूखाली ते बराच वेळ गरम राहतात आणि नंतर अनवाणी येणाऱ्याचा पाय भाजतो. भरपूर पाणी ओतून ते पूर्ण विझवावेत आणि सोबत न्यावेत. खाऱ्या हवेत पातळ पत्रा लवकर गंजतो, तेव्हा जाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात लावूनच ठेवावी.

बोरिवलीहून: आमच्याकडे ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी चपटी शेगडी असून तिच्यावर खाचांची भाजणीची प्लेट बसते. कोकणात ती उत्तम चालली. स्पितीत मात्र ब्यूटेनवर विसंबू नये. साधे ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबते, त्यामुळे काझासारख्या साडेतीन हजार मीटरहून उंच ठिकाणी गारठलेल्या सकाळी डबा भरलेला असूनही ज्योत धरत नाही. तिथे प्रोपेन मिसळलेला गॅस लागतो. दुसरे असे की, शेगडीपेक्षा मोठा तवा ठेवू नये. तो डब्याच्या कप्प्यावर आला की उष्णता खाली परतते आणि डबा तापतो. वाऱ्यासाठी चहूबाजूंनी पत्रा लावण्याचा मोहही याच कारणाने टाळावा. गाडी चंदीगडला भाड्याने घेणार असाल तर हे डबे तिथेच विकत घ्या, कारण ते रेल्वेने किंवा विमानाने नेता येत नाहीत.

परळहून: पाच किलोचा एलपीजी सिलिंडर आणि दोन बर्नरची बुटकी ग्रिल ही आमची निवड आहे. दोन बर्नर असल्याने एका बाजूला सुरमई आणि दुसऱ्या बाजूला झाकण लावून पनीर, अशी सोय होते, तेव्हा सासूबाईंचा प्रश्न इथे सुटावा. परदेशातून कुणी ग्रिल आणून देत असेल तर आधी तिचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरच्या तोंडाला बसतो का, हे पाहा. आमच्या ओळखीत एक देखणी ग्रिल केवळ यापायी माळ्यावर पडून आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर गॅस जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा खालच्या बाजूने हवेशीर असावा, सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा आणि गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद केलेला असावा.

विलेपार्ल्याहून: विजेच्या ग्रिलबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून थोडा हिशेब मांडते. २००० वॅटची ग्रिल १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चालवायची तर सुमारे १७० अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरसुद्धा पाऊण तास टिकत नाही. जिथे मुक्कामाच्या आवारात जोडणी मिळते, तिथे ६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम १३८० वॅट मिळतात. आम्ही त्यामुळे १२०० वॅटची घेतली. ती सावकाश तापते, परंतु रताळी आणि मक्याची कणसे छान होतात.

गिरगावातून: आमच्याकडे ग्रिल नाही, बिडाचा जड तवा गाडीतल्याच बर्नरवर चालतो. मासे मात्र आत तळू नका, पडद्यांचा वास मुंबईपर्यंत सोबत येतो. ताडोबाच्या बाजूला कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा की राखीव वनात विस्तव पेटवणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, मग शेगडी कोणतीही असो.

दादरहून: सर्वांचे आभार. कोकणासाठी पाच किलोचा सिलिंडर आणि दोन बर्नरची ग्रिल ठरवत आहोत. परळकरांना एकच विचारायचे आहे: बाकाखालच्या कप्प्याची उंची एक फूट आहे, तर झाकणासह ग्रिल त्यात आडवी मावेल का, की पाय काढून ठेवावे लागतील?

परळहून: पाय दुमडतात, त्यामुळे ग्रिल मावेल. सिलिंडर मात्र त्या कप्प्यात ठेवू नका. भाड्याच्या गाडीत त्यासाठी बाहेरून उघडणारा हवेशीर कप्पा आहे का, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारून घ्या.