हिवाळी भाजीपाला, ठाणे ते पनवेल: गॅलरी, गच्ची, परस (अनुभव धागा)

परसातली_माती
घट उठले. परडीतलं वीतभर आलेलं धान पाहिलं की आजीची दसऱ्यानंतरची लगबग आठवते, म्हणून हा धागा. ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, पनवेल... कोण काय, कधी आणि कशात लावतं ते लिहा. पुण्या-नाशिकची वेळापत्रकं इथे लागू पडत नाहीत. आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो, मग पारा ३५ कडे जातो आणि गारवा येतो तो डिसेंबर-जानेवारीत.

मी भोगीपासून उलटं मोजते. भोगी साधारण १३ जानेवारीला.
वांगं रोप लावल्यावर ६५-७० दिवसांनी धरतं, म्हणजे रोप ऑक्टोबरअखेर कुंडीत हवं आणि बी त्याच्या महिनाभर आधी ट्रेमध्ये. ओल्या हरभऱ्याला ८०-८५ दिवस लागतात, तो २० ऑक्टोबरच्या आत पेरायचा. गाजर ९० दिवसांचं, त्यामुळे तेही आत्ताच. घेवडा ५०-५५ दिवसांचा, तो २० नोव्हेंबरला टाकला तरी जमतो. पातीसाठी छोटे कांदे १० डिसेंबरला खोचले तरी चालतात. पावटा मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच लागलेला हवा. यंदा राहिला असेल तर बाजारातून आणा.

दक्षिण_गॅलरी
वाचनखूण साठवली. लावायच्या आधी एक बघा: गॅलरीचं तोंड कुठे आहे. सप्टेंबरअखेर ते मार्च सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात ठाण्याला भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच येतो. दक्षिणेची गॅलरी असेल, समोर टॉवर नसेल आणि स्लॅब ९ फुटांवर असेल, तर ऊन आठेक फूट आत पोचतं. तीच गॅलरी जूनमध्ये दुपारभर सावलीत असते. म्हणून टोमॅटो, वांगी, मिरची, गाजर दक्षिणेला. पूर्वेच्या चार तास उन्हावर मेथी, पालक, लाल माठ, कोथिंबीर आरामात येते. उत्तरेला या सहा महिन्यांत थेट ऊन नाहीच, तिथे पुदिना, अळू, पानओवा. टोमॅटोचा हट्ट नको, नुसती उंच काडी वाढते.

ऐरोलीकर
उत्तरेची गॅलरी आहे 😔 पुदिनाच लावते मग.

दक्षिण_गॅलरी
@ऐरोलीकर ताई, सोसायटीने परवानगी दिली तर गच्ची बघा.

खत_आणि_पाणी
गच्चीबद्दल: वजन आधी मोजा. १२ बाय १२ इंचाच्या ग्रोबॅगेत २२ लिटर मिश्रण मावतं. नुसती माती भरून पाणी दिलं की ३० किलोच्या वर जाते. म्हणून हलकं मिश्रण: ८ लिटर लाल माती, ७ लिटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), ६ लिटर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, १०० ग्रॅम नीमपेंड. पिशव्या थेट वॉटरप्रूफिंगवर ठेवू नका, विटांवर किंवा स्टँडवर. खालून हवा खेळली पाहिजे, आणि कडेने, कॉलमच्या ओळीत ठेवा, मधोमध नाही.

कोकोपीट विटेच्या रूपात मिळतं. ते भिजवून पिळा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. क्षार राहिले तर पानांच्या कडा करपतात आणि माणूस खत कमी पडलं समजून आणखी घालत बसतो.
वरखत: दर २० दिवसांनी दोन मुठी गांडूळखत. फळभाज्यांना फुलं लागली की मोहरीची पेंड: १०० ग्रॅम २ लिटर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, मग दहापट पाणी घालून द्यायची. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

माहेरची_मेथी
कोथिंबीर उगवत नाही अशी तक्रार दरवर्षी येते, म्हणून आधीच लिहिते. अख्खे धणे टाकू नका. लाटण्याने हलके रगडून दोन दलं वेगळी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून बघायचं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात माती तापते आणि उगवण कमी होते, उगवली तरी लवकर फुलावर जाते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा उजाडू द्या. मग दर १५ दिवसांनी एक क्रेट, फेब्रुवारीपर्यंत.

मेथीला काही लागत नाही. तीन-चार दिवसांत वर, महिन्याभरात जुडी. समुद्रमेथी आवडत असेल तर तीन इंच खोल ट्रेमध्ये रेती घ्या आणि दाट पेरा, दोन आठवड्यांच्या आत मुळासकट उपटा. रेती खाडीची नको, मीठ असतं. नदीची आणा, तीही धुऊन.

खाडीकाठ
+१ मिठाबद्दल. वाशी-ऐरोलीच्या खाडीकडच्या पट्ट्यात तळमजल्यावाल्यांनी जमिनीत थेट लावू नये. भराव मुरमाचा आणि खाली खारं. बोअरचं पाणी तर नकोच, पांढरा थर धरतो. फूटभर उंच वाफा, खाली विटांचे तुकडे, वर बाहेरून आणलेली माती.
जेवण लावतोय, नंतर येतो.

पनवेलची_सई
पावट्याचा विषय निघालाय म्हणून वालाबद्दल... 🙂 गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. जूनमध्ये लावला तर चार महिने नुसता वेल पसरतो आणि लोक म्हणतात बी वाईट निघालं. आमच्याकडे भात कापल्यावर त्याच ओलीवर कडवा वाल टाकतात, पाणीसुद्धा देत नाहीत. आणि शेंगा आल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा!! भामरुडाचा पाला मिळाला पाहिजे, त्याशिवाय चव नाही.

ऐरोलीकर
पोपटीत अंडी घालता का तुम्ही?

पनवेलची_सई
अंडी, कांदे, बटाटे, कोंबडीही. पण मुख्य शेंगाच. ओवा आणि जाडं मीठ. पाणी अजिबात नाही, पाला आणि शेंगांच्या वाफेवरच शिजतं. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ.

घोडबंदर_गच्ची
फ्लॉवरचा गड्डा इथे धरतो का? दरवर्षी पानंच.

परसातली_माती
धरतो, जात बघून घ्या. स्नोबॉल गटाला १०-१६ अंश लागतात, ते आपल्याकडे नाहीत. पुसा दीपालीसारखी लवकरची जात २०-२५ अंशांतही गड्डा धरते. रोप २५-३० दिवसांचं झालं की लगेच हलवा. ट्रेमध्ये उपाशी राहिलेलं म्हातारं रोप बटणाएवढा गड्डा धरून थांबतं, मग कितीही खत द्या. नवलकोल जास्त भरवशाचा, ५०-६० दिवसांत तयार. मटाराचं गणित आपल्या हवेत जुळत नाही, मी सुचवणार नाही.

खाडीकाठ
आलो. टोमॅटोवर थोडं. बंगळुरूच्या आयआयएचआरची (भारतीय बागायती संशोधन संस्था) अर्का रक्षक ही जात लावा. पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना ती तग धरते. मर ओळखायची खूण: हिरवंगार झाड दुपारी अचानक मान टाकतं. खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरा, दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणू. ते झाड मातीसकट टाकायचं, त्या पिशवीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची काहीच नाही.
फळाचं बूड काळं पडतं तो रोग नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी शून्य, त्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी आणि वर वाळक्या पानांचा दोन इंच थर, एवढ्याने थांबतं.

माहेरची_मेथी
किडींमध्ये मावा आणि पांढरी माशी राहिली. नीमतेल ५ मिली, भांडी घासायचं लिक्विड १ मिली, लिटरभर कोमट पाणी. आधी तेल आणि लिक्विड एकत्र घोटा, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. संध्याकाळीच फवारा, पानाच्या खालून, आठवड्याने पुन्हा. डिसेंबरात ढगाळ हवा आली की मावा हमखास वाढतो, त्या दिवसांत रोज शेंडे बघा. कोवळ्या शेंड्यावर थोडाच असेल तर बोटाने पुसून काढला तरी पुरतो.

घोडबंदर_गच्ची
धन्यवाद सगळ्यांना. कबुतरांचं काय? पालकाचं बी उकरतात.

दक्षिण_गॅलरी
उगवेपर्यंत क्रेटवर जुनी मच्छरदाणी ताणून चारी बाजूंनी चिमटे.

ऐरोलीकर
आणि गोगलगाई? पाऊस संपला तरी आहेत. मीठ टाकू का?

खत_आणि_पाणी
मीठ नको ताई, माती बिघडते. रात्री ओलं गोणपाट कुंड्यांमध्ये पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने उचला, हाताने नको. आठवडाभर रोज. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्या, रात्री वरची माती कोरडी राहिली की त्या फिरकत नाहीत.