आरोग्य विमा नसल्याने लठ्ठपणा वाढतो का? अमेरिकेतील लॅटिनो प्रौढांविषयी शंका

मृण्मयी_ह्यूस्टन
नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेत असून आठवड्यातून दोन दिवस ह्यूस्टनमधील एका सामुदायिक दवाखान्यात नावनोंदणीचे काम करते. येणारे बहुतेक जण मूळचे मेक्सिको, होंडुरास किंवा एल साल्वादोरचे असतात आणि अर्जातील विम्याचा रकाना बहुधा कोराच राहतो. अमेरिकी सरकारने २०१७-१८ मध्ये प्रत्यक्ष मोजमाप घेऊन केलेल्या पाहणीत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, प्रौढांतील लठ्ठपणाचे प्रमाण ४४.८ टक्के आढळले. विमा नसलेल्यांचे प्रमाणही या समाजात गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे. विमा नसल्यामुळे लठ्ठपणा वाढतो, असे गृहीतक मी प्रबंधासाठी मांडले आहे. जाणकारांनी त्यातील दोष दाखवावेत, ही विनंती.

संख्याशास्त्र_पुणे
या स्वरूपात ते टिकणार नाही, असे माझे मत आहे. नुकतेच स्थलांतर केलेले लोक तुलनेने सडपातळ असतात आणि अमेरिकेतील वास्तव्य लांबते तसे त्यांचे वजन वाढत जाते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. विमा नसण्याची शक्यताही याच नवागतांत अधिक असते. त्यामुळे वास्तव्याची वर्षे हिशेबात न धरता तुलना केलीत, तर विमा असलेलेच अधिक लठ्ठ दिसतील आणि भलताच निष्कर्ष हाती येईल. शिवाय सर्व लॅटिनोंना एकाच मापाने मोजता येत नाही. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो येथील सोळा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात लठ्ठपणा प्वेर्तो रिकन लोकांत सर्वाधिक, तर दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत सर्वांत कमी आढळला. आणि प्वेर्तो रिकन तर जन्मतःच अमेरिकी नागरिक असतात, म्हणजे विम्याबाबत स्थलांतरितांवर असलेल्या अटी त्यांना लागू नसतात. ओरेगॉन राज्याने २००८ मध्ये सोडत काढून मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, दिले, तेव्हा मधुमेहाचे निदान वाढले, नैराश्य घटले, मात्र रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत दोन वर्षांनंतरही लक्षणीय फरक दिसला नाही; म्हणजे विमा मिळाला की शरीराची मोजमापे बदलतातच, असे नाही.

आहारतज्ज्ञ_शिकागो
हे सारे मान्य. पण म्हणून विम्याचे मोल कमी लेखू नये, असे मला मनापासून वाटते. २०१० च्या आरोग्य विमा सुधारणा कायद्यानुसार बहुतेक विमा योजनांना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३० किंवा त्याहून अधिक, म्हणजे लठ्ठ, असलेल्या प्रौढांचे वजनाबाबतचे समुपदेशन रुग्णाकडून पैसे न घेता द्यावे लागते, आणि परिणामकारक ठरलेल्या बहुतेक कार्यक्रमांत पहिल्या वर्षी बारा किंवा अधिक बैठका होत्या. माझ्याकडे हॉटेलात साफसफाईचे काम करणाऱ्या एक बाई येत. रात्री किती तोर्तिया (मेक्सिकन पोळ्या) खाल्ल्या आणि सोडा, म्हणजे गोड शीतपेय, घेतला की नाही, हे त्या एका लहान वहीत पेन्सिलने लिहून आणत. सातव्या बैठकीपर्यंत वजन साडेतीन किलोंनी उतरले होते. मग कामाचे तास वाढले, उत्पन्न मेडिकेडच्या मर्यादेपलीकडे गेले आणि त्यांचे येणे थांबले. पाच महिन्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा वही सोबत होती, पण त्यातली शेवटची नोंद आमच्या सातव्या बैठकीच्या दिवसाचीच होती. विमा असला-नसला एवढेच न विचारता तो मध्ये किती वेळा तुटला, हेही आपण विचारावे.

कायदा_डॅलस
आपण टेक्सासमध्ये आहात, हे विसरू नका. २०१० च्या त्याच कायद्यातील मेडिकेडचा विस्तार, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अधिक प्रौढांना त्यात घेणे, करायचा की नाही, हे २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांवर सोपवले आणि टेक्सासने तो आजवर केलेला नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही बहुतेक प्रौढांना मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबावे लागते. आईवडिलांना इकडे आणलेल्या मराठी कुटुंबांना ही अट चांगलीच परिचयाची असेल. ज्यांच्याकडे कागदपत्रेच नाहीत, त्यांना सरकारी विमा बाजारात स्वतःच्या पैशानेही योजना घेता येत नाही.

मृण्मयी_ह्यूस्टन
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता मी वास्तव्याची वर्षे आणि विम्यातील खंड हे दोन्ही घटक धरणार आहे. अडचण एकच: अमेरिकेत कधी आलात, असे विचारताच समोरच्या माणसाचा चेहरा उतरतो.

आहारतज्ज्ञ_शिकागो
तो प्रश्न टेबलावरून विचारू नका. आमच्याकडे त्याच वस्तीतल्या आरोग्यसेविका, म्हणजे प्रोमोतोरा, वजन करून झाल्यावर स्पॅनिशमध्ये बोलता बोलता तो विचारतात आणि कागदपत्रांशी त्याचा काही संबंध नाही, हे आधी सांगतात.