६०२२ वर वीस शून्यं: डोळ्यांपुढे कशी आणायची?

मोजपट्टी:
१८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे एका मोलात, ६.०२२ × १०^२३ रेणू असतात, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दाखवायचंय. एका रेणूला एक सेकंद असं लावून पाहिलं. १० लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, १ अब्ज म्हणजे पावणेबत्तीस वर्षं. इथवर छान जमतं. पण एका मोलाला येतात १.९ कोटी अब्ज वर्षं! एक अगम्य आकडा समजवायला दुसरा तितकाच अगम्य. काय करावं?

घनमूळ:
वेळ अब्जापाशीच सोडून द्या. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, तुमचं उत्तर त्याच्या जवळपास १४ लाख पट. लांबीचंही तेच. ०.१ मिमी जाडीचे कागद एकावर एक रचले, तर १ कोटी कागदांची उंची १ किमी होते आणि ४ लाख कोटी व्हायच्या आतच चळत चंद्रापलीकडे जाते. मोल अजून कुठल्या कुठे!

आकारमान घ्या. १ मिमी बाजूचा चौकोनी दाणा धरा. १ लिटरमध्ये असे १० लाख दाणे, १ घनमीटरमध्ये १ अब्ज, १ घनकिलोमीटरमध्ये १०^१८. म्हणजे मोलभर दाण्यांना ६,०२,२०० घनकिमी जागा लागेल, सुमारे ८४ किमी बाजूचा ठोकळा.

पण ठोकळ्यावर थांबू नका, तो फसवा असतो. संख्या हजारपट झाली तरी बाजू दहापटच वाढते, त्यामुळे मुलांना '८४ किमी? एवढंच?' वाटतं. दाणे पसरा. समुद्र धरून पृथ्वीचा पृष्ठभाग ५१ कोटी चौ. किमी. भागाकार केला की थर येतो १.१८ मीटर. सगळ्या पृथ्वीवर, त्या मुलांच्या छातीपर्यंत.

सुरुवातीला हातात द्यायला मिमीचा आलेख कागद उत्तम. १ चौ. मीटर कागदावर १० लाख चौकटी. त्यातली एकच रंगवा आणि शोधायला सांगा.

तागडी:
चौकोनी दाणे फटी न ठेवता रचलेत, हे मुलांना सांगाच. तितक्याच आकारमानाचे गोल दाणे सैल ओतले तर साधारण ६० टक्केच जागा भरते. थर २ मीटरच्या आसपास जातो, पोरं बुडाली! उलट अर्ध्या मिमीचे चौकोनी दाणे घेतले तर आकारमान आठपट घटतं आणि थर १५ सेंमीवर येतो. दाण्याचं माप न सांगता दिलेली तुलना फुकट.

आणि नावं जपून वापरा. आपला खर्व म्हणजे १०^१०, हिंदीतला खरब १०^११. एक शून्य तिथेच हरवतं.

मोजपट्टी:
थराचं पटलं. हेच ५२ पत्त्यांच्या मांडण्यांना चालेल? ८.०७ × १०^६७ आहेत.

घनमूळ:
नाही. दाणे भरायला ७ × १०^३७ हून जास्त पृथ्व्या लागतील, म्हणजे पुन्हा तुमचाच मूळ प्रश्न. तिथे तुलनेत तुलना घाला. ८०० कोटी माणसं विश्वाच्या आरंभापासून दर सेकंदाला एकेक नवी मांडणी करताहेत असं धरा. झाल्या ३.५ × १०^२७. आता त्यातल्या प्रत्येक मांडणीच्या जागी असंच अख्खं विश्व ठेवा, तितकीच माणसं, तितकाच काळ. एकूण १.२ × १०^५५.

अजून साडेसहा लाख कोटींहून जास्त पट बाकी आहे.